कच्चा रंग

येवल्यात वडनेऱ्यांच्या पैठणी केंद्रात शैलाताई भावसारांनी एखाद्या लडीला ‘हा तो रंग नव्हे’ म्हटलं, की त्यावर अपील नसे. समोर खुद्द वडनेरेशेठ असले तरी नसे. गिऱ्हाईक जुना फोटो पाठवायचं आणि म्हणायचं, आमच्या आत्याबाईंची होती तश्शी हवी. शैलाताई फोटो पडद्यावर उघडायच्या, रेशमाच्या लडी त्याच्याशेजारी धरून बघायच्या आणि सांगायच्या, अहो हा वांगी कुठला, हा अंजिरी, आणि त्यात काळ्याचा हात किंचित जड पडलाय. तसं रेशीम रंगायचं, साडी पोचायची आणि तिकडून फोन यायचा की आत्याच दारात उभी राहिली. बाप रंगारी, आजा रंगारी. रंग ओळखायला शिकवणी लागली नव्हती, त्या घरात पोरं चालायच्या आधी रंग ओळखायची.

आणि २०४३ सालच्या भाद्रपदात एकापाठोपाठ एक तीन साड्या परत आल्या. तिन्ही गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, पडद्यावर दाखवलात तो रंग हा नाही. वडनेरेशेठ भला माणूस. त्यांनी साड्या निमूट ठेवून घेतल्या, शैलाताईंना एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त म्हणाले की वयपरत्वे होतं असं, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. ते ‘वयपरत्वे’ शैलाताईंना फार लागलं. पासष्टाव्या वर्षी गुडघे गेले तर चालतात, रंगाऱ्याच्या लेकीचे डोळे जाऊन कसं चालेल?

नाशिकला जाऊन त्यांनी डोळे तपासले. डॉक्टरीणबाईंनी सगळी यंत्रं लावून पाहिली आणि हसून सांगितलं की मोतीबिंदूचा मागमूस नाही, तिशीतल्या बाईचे डोळे आहेत तुमचे. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. शैलाताई परतीच्या बसमध्ये आणखीच घाबरून बसल्या. डोळे धड आहेत तर मग बिघडलंय काय? आणि नेमकी याच वर्षी, सगळ्या आयुष्यात जी एक साडी चुकायला नको, ती त्यांच्या हातात होती.

ती साडी आईची.

म्हणजे आईची मूळ पैठणी आता नव्हतीच. चौदा वर्षांपूर्वी आई गेली, सवाष्ण गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे शैलाताईंनी तिला तीच पैठणी नेसवून निरोप दिला. धाकटी बहीण वृषाली मेलबर्नहून निघाली होती. विमानतळावरून तिने फोन करून विनवलं होतं की ताई, निदान पदर तरी काढून ठेव मला. शैलाताईंनी ठेवला नाही. वृषाली दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली तेव्हा घरात नुसता दिवा होता. ती तेरा दिवस राहिली, सगळं रीतसर केलं, आणि परत गेल्यावर जी गप्प झाली ती झालीच. दिवाळीला, वाढदिवसाला चार ओळींचा निरोप यायचा, बस्स.

या श्रावणात मात्र तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. केस पांढरे झालेले, हनुवटी थेट आईची. रेवाचं लग्न ठरलं होतं, वृषालीच्या लेकीचं, डिसेंबरअखेर पुण्यात. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वृषाली म्हणाली, “ताई, तुला आईची पैठणी पुन्हा करता येईल? रेवासाठी.” शैलाताईंना हुंदका आवरेना. त्यातच त्या हो म्हणाल्या.

आधाराला एकच फोटो होता. १९९४ साली गावातल्या स्टुडिओत काढलेला, आई खुर्चीत, मोठी मागे उभी, धाकटी मांडीवर चढू बघणारी. रंगीत होता, पण जुन्या रंगीत फोटोंचं तुम्हाला माहीत असेल. त्यातला निळा आणि हिरवा आधी मरतो, लाल तेवढा मागे उरतो, आणि सगळं जग विटकरी होऊन बसतं. त्यातून साडीचा खरा रंग शोधायचा तर पडद्यावर एकेक छटा पुढेमागे सरकवत, आठवणीशी ताडून बघायला हवं होतं.

मग रोज दुपारी चार वाजता, मेलबर्नला जेवणंखाणं उरकलेली असत तेव्हा, दोघी आपापल्या घरी फोन लावून बसू लागल्या. एकच फोटो दोघींच्या पडद्यांवर. शैलाताई रंग सरकवायच्या आणि दोघी बोलायच्या. सुरुवातीला नुसतं थोडं उजळ कर, आता जास्त झालं, एवढंच. मग हळूहळू बाकीचं निघायला लागलं. आईचं पापड वाळत घालायचं कोष्टक, कावळ्यांशी तिचं चाललेलं भांडण, वडिलांचे कायम कोपरापर्यंत रंगलेले हात, त्याच हातांनी ते भात कालवत तेव्हा भात निळा होईल अशी वृषालीला वाटणारी भीती. हसून हसून शैलाताईंचं पोट दुखायचं. चौदा वर्षांचं मौन त्या विटकरी फोटोत विरघळत चाललं होतं, आणि फोटोतली आई दिवसागणिक जिवंत होत होती. सतराव्या की अठराव्या दिवशी शैलाताईंचं बोट एका जागी थांबलं आणि दोघी एकदमच म्हणाल्या, “हाच!” त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्या घरभर नुसत्या हिंडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या रंगात रेशीम रंगवायला घेतलं.

बिंग फुटलं ते गुडघ्यामुळे.

दर सोमवारी सकाळी शैलाताई आपला पडदा तपासून घ्यायच्या. हे काम समजायला अवघड नाही. कुठलाही पडदा दिवसागणिक रंगात घसरतो, एखादा निळ्याकडे, एखादा पिवळ्याकडे. म्हणून एक छोटं मोजयंत्र पडद्यावर लटकवायचं. पडदा त्याला ओळीने तांबडा, हिरवा, निळा असे शेकडो तुकडे दाखवतो, यंत्र मोजून सांगतं की इथे तांबडं शंभर हवं होतं, एकशेचार आलं. त्यावरून एक दुरुस्तीचा तक्ता तयार होतो आणि पुढचा आठवडाभर पडदा त्या तक्त्याच्या शिस्तीत चालतो. त्या गोल यंत्राला केंद्रात सगळे कासव म्हणत. कासव लावायचं, खोलीतले दिवे घालवायचे, दार लोटायचं आणि वीस मिनिटं चौकातल्या टपरीवर चहा घ्यायचा, हा शैलाताईंचा पंधरा वर्षांचा नेम. टपरीवाला त्यांना बघून सोमवार ओळखायचा.

त्या सोमवारी गुडघा इतका दुखत होता की जिना उतरवेना. म्हटलं, राहू दे चहा. त्या अंधारात खुर्चीवर पडद्यासमोरच बसून राहिल्या, बदलणारे तुकडे बघत. वीस मिनिटांनी यंत्राने अहवाल दिला, पडदा नापास. तांबड्यांची सगळी रांग जांभळटाकडे झुकलेली. गेल्या सोमवारी तर शंभरापैकी नव्व्याण्णव गुण होते! काहीतरी धक्का लागला असेल म्हणून त्यांनी कासव पुन्हा लावलं आणि पाय मोकळा करायला गॅलरीत गेल्या. परत येऊन पाहतात तो नव्व्याण्णव. पुन्हा समोर बसल्या, नापास. बाहेर गेल्या, पास.

शैलाताईंनी तरन्नुम शेखला हाक मारली. तरन्नुम चाळिशीची, केंद्रातल्या साड्यांचे फोटो काढणं, ते जगभर पाठवणं आणि कॉम्प्युटरांच्या कुरबुरी मिटवणं हे सगळं तिच्याकडे. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि कासव लावलं. पुन्हा नापास, पण या वेळी तांबडे जांभळटाकडे न जाता केशरीकडे गेलेले. तरन्नुम दोन्ही अहवाल शेजारीशेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली, मग तिने कपाळावर हात मारला.

“शैलाताई, पडद्याचं कासवाशी वैर नाहीये,” ती म्हणाली. “कासवाला डोळे नाहीत, म्हणून त्याला हे खरं दाखवतंय. माणूस समोर बसला की खरं दाखवत नाही.”

आषाढात सगळ्या फोनांवर आणि पडद्यांवर एक नवं सॉफ्टवेअर आपोआप येऊन बसलं होतं. आपल्याकडे त्याचं नाव ‘मनरंग’ ठेवलं होतं, आणि डोळ्यांना थंडावा देतं म्हणून जाहिरात होती. पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून ते बघणाऱ्याच्या बाहुल्या मोजत राहतं. रंगात अगदी लहानसा फरक करतं आणि बघतं, बाहुली रुंदावली का, नजर थोडी जास्त रेंगाळली का. रेंगाळली तर तो फरक ठेवून देतं आणि पुढचा करून बघतं. माणसाला आवडती गोष्ट आठवते तीच मुळी असते त्याहून गडद. आजोळचा आंबा कुणाला फिका आठवत नाही. मनरंग असं टिपून टिपून प्रत्येकाच्या आठवणीतला रंग शोधून काढायचं आणि तोच त्याला दाखवायचं, म्हणजे माणूस पडद्यापासून हलत नाही. आणि ते बसलं होतं कुठे, तर कासवाचा तक्ता आणि पडदा यांच्या मधोमध. शिस्त लावून झाल्यावर मागून येऊन ती मोडणारं. ज्याची सगळी तपासणी माणूस खोलीबाहेर गेल्यावर व्हायची, त्याला ते सापडणार कसं?

तरन्नुम म्हणाली की तरीच. टाइल्सवाले, घराला रंग देणारे, सोनार, सगळीकडे माल परत येतोय आणि जो तो कारागिराला शिव्या देतोय. तिच्या सासूबाईंनी परवा अंगणातल्या जास्वंदीकडे बघून म्हटलं होतं की यंदा फुलांनी रंगच धरला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणायचे, आता आरसाच ज्याला त्याला त्याचं काकण दाखवत होता. तरन्नुमने शोधून शोधून अकरा पायऱ्यांखाली दडवलेलं बटण काढलं आणि केंद्रातल्या पडद्यावरचं मनरंग बंद केलं. परत आलेल्या तीन साड्या शैलाताईंनी पुन्हा फोटोंशी लावून पाहिल्या. तिन्ही त्यांच्या आवडीकडे झुकलेल्या होत्या. डोळे शाबूत होते याचं सुख त्यांना क्षणभरच झालं.

कारण पुढच्या क्षणी त्यांना तो ‘हाच!’ आठवला.

दुपारी चारला त्यांनी वृषालीला फोन लावला आणि उगीच विचारल्यासारखं विचारलं की फोटोकडे बघ, आणि आता उठून स्वयंपाकघरात जा, या रंगाचं तुझ्या घरात काय आहे ते सांग बरं. वृषालीला गंमत वाटली. ती भांड्यांचा आवाज करत शोधत राहिली आणि मग म्हणाली, “डाळिंब! सोललेले दाणे आहेत वाडग्यात. डिट्टो तोच रंग, ताई.” शैलाताईंच्या घरच्या फोनवर आईची पैठणी वाळलेल्या आमसुलासारखी होती, काळपट जांभळी. अडीच-तीन आठवडे दोघी बहिणी एका फोटोसमोर बसून दोन निरनिराळ्या आयांकडे बघत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. शैलाताईंना ते कळत होतं. पण सांगायचं म्हणजे काय, तर आपण जे हसलो, रडलो, एका आवाजात ‘हाच’ म्हणालो, ते एका यंत्राने लावून दिलेलं लाडीगोडीचं लफडं होतं! चौदा वर्षांनी परत मिळालेली बहीण या एका वाक्याने पुन्हा हातची गेली असती. घरच्या फोनवरचं मनरंग त्यांनी बंद केलं नाही. बंद केल्यावर काय दिसेल ते त्यांना बघायचं नव्हतं. रोज चारला फोन लागायचा, गप्पा व्हायच्या, ‘उद्या सांगू’ म्हणता म्हणता पंधरा दिवस गेले. तोवर आमसुली रेशीम रंगून, वाळून, कपाटात जाऊन बसलं, आणि लग्नाच्या तयारीसाठी वृषाली स्वतः येवल्यात येऊन थडकली.

केंद्राच्या उत्तरेकडच्या ओसरीवर, जिथे रंग बघायला ऊन न येता उजेड येतो, तिथे दोघी बसल्या. शैलाताईंनी बहिणीच्या मांडीवर लडी ठेवली. वृषालीने ती उचलली, बोटांत फिरवली, गालाला लावली.

“सुरेख आहे गं. ही कुणाची?” ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघत, “आपली कुठे आहे?”

शैलाताईंनी सगळं सांगितलं. कासव, तरन्नुम, डाळिंबाचे दाणे, पंधरा दिवस गप्प राहिल्याचंही. वृषाली ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन तो जुना, बंद दारासारखा चेहरा परत येत होता.

“म्हणजे पंधरा दिवस तुला माहीत होतं,” ती सावकाश म्हणाली. “आई गेली तेव्हाही असंच. तू ठरवायचं आणि मला कळवायचं. पदरच मागितला होता मी, ताई. वीतभर.”

“तिच्या अंगावरच्या साडीला कात्री लावू?” शैलाताईंचा आवाज चढला आणि लगेच फुटला. “तुला एक सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. त्या दिवशी तिला मी नेसवली, निऱ्या केल्या, पदर काढला. चाळीस वर्षं रंग बघून पोट भरणारी बाई मी, आणि त्या दिवशी साडीचा रंग कसा होता ते मला सांगता येत नाही. मी बघितलाच नाही. शेवटचा होता, आणि मी बघितला नाही.”

वृषालीने लडी खाली ठेवली नाही. आत मागांचा खटखटाट चालू होता. मग तिनेच विचारलं की ताई, तुझ्या डोळ्यांसमोर आई येते ती कधीची? शैलाताईंना विचार करावा लागला नाही. सुमन मावशीचं लग्न, १९८५. त्या सात वर्षांच्या होत्या, मांडवात झोप आली म्हणून आईच्या मांडीवर आडव्या झाल्या होत्या, पदर नाकाशी, त्याला कापराचा वास. आमसुली, अगदी डोळ्यांना टेकलेला. वृषालीची आई होती दहावीच्या सत्कारातली. २००३, नगरपालिकेचं सभागृह, वृषाली व्यासपीठावर आणि पहिल्या रांगेत आई, एवढ्या गर्दीत लांबून ओळखू येणारी, डाळिंबी.

मधे अठरा वर्षं होती. शैलाताईंच्या हे लक्षात आलं आणि त्या ताठ होऊन बसल्या. दर दिवाळीला आई ती पैठणी गच्चीवर उन्हात टाकायची. रेशीम सावलीत टाकतात, पण आई कुणाचं ऐकणार? आणि वडील खालून ओरडायचे, सावलीत टाक गं, सावलीत टाक. त्या काळी वडील सगळं रेशीम पक्क्या रंगात रंगवत. ऊनच काय, भट्टीत घातलं तरी न विटणाऱ्या. मग या एकाच साडीच्या उन्हाची त्यांना एवढी धास्ती का? ही साडी त्यांनी स्वतः रंगवलेली, लग्नाच्या वर्षी, नवरीसाठी. शैलाताई धंद्यात आल्यावर वडिलांनी एकदा जुन्या रीतीची कृती सांगितली होती. खाली लाखेचा तांबडा, वरून पतंगाच्या लाकडाचा काढा, त्यात रंग काळपटवायला हिराकसाची चिमूट. सांगून झाल्यावर म्हणाले होते, हे करायचं मात्र नाही. पतंग कच्चा, उन्हाला टिकत नाही, उडून जातो आणि खालची लाख उघडी पडते. मी एकदाच केला होता. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि रंगाऱ्याला आपला विटलेला रंग घरात दर दिवाळीला बघायला लागणं म्हणजे काय, ते शैलाताईंना त्या दिवशी ओसरीवर कळलं.

“वृषू,” त्या म्हणाल्या, “आपण दोघीही बरोबर होतो गं.”

नाशिकच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पतंगाचं लाकूड आलं. वडनेरेशेठना सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. वडनेऱ्यांच्या प्रत्येक साडीच्या पाठीवर पक्क्या रंगाचा शिक्का असतो, तीन पिढ्यांचा. जाणूनबुजून कच्चा रंग? उद्या पैठणी विटली की लोक काय म्हणतील? शैलाताई म्हणाल्या, शिक्का मारू नका, केंद्राचं नाव घालू नका, मागावर माझं नाव लिहा. चाळीस वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं, तेव्हा शेठ डोकं खाजवत हो म्हणाले.

तुरटीच्या पाण्यातून काढलेलं नवं रेशीम शैलाताईंनी लाखेच्या पातेल्यात सोडलं. वृषाली शेजारी स्टुलावर बसली होती. दांड्यावर लडी फिरवत फिरवत, तासाभराने त्यांनी एक वर उचलून उजेडात धरली. पाणी निथळलं आणि वृषाली उठून उभी राहिली.

“हाच,” ती म्हणाली. इथे कुठलाच पडदा नव्हता. “ताई, हाच. इथेच थांबव ना.”

दुसऱ्या पातेल्यात पतंगाचा काढा तयार होता. शैलाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. थांबता येत होतं. लाख बऱ्यापैकी टिकते. रेवा डाळिंबी नेसली असती, वृषालीला तिची आई आत्ताच्या आत्ता मिळाली असती. शैलाताईंची आमसुली आई कुणालाच दिसली नसती, पण तिला मांडीवरून बघणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी दांडा वृषालीच्या हातात दिला.

“मागच्या वेळी तुला विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “या वेळी तू सांग. तू म्हणशील तिथे थांबेन.”

वृषाली दांडा धरून उभी राहिली. लडींमधून थेंब पडत होते. तिच्या डोळ्यांतूनही पडत होते, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. तिने विचारलं की वर हा काढा घातला की आई कशी दिसेल. शैलाताईंनी सांगितलं, नवरी झाली तेव्हा दिसत होती तशी. वृषालीने त्या आईला कधी पाहिलं नव्हतं.

“घाल,” ती म्हणाली, आणि तिनेच लडी दुसऱ्या पातेल्यात सोडल्या.

डिसेंबरात पुण्याच्या कार्यालयात रेवा ती पैठणी नेसून बाहेर आली तेव्हा शैलाताईंनी आधी रंग बघितला. आमसुली, काठाला जर, आणि आत हनुवटी वर करून चालणारी पोरगी. सात वर्षांच्या असताना त्यांनी नाकाशी धरला होता तो पदर समोरून चालत येत होता. लोक फोन उगारून फोटो काढत होते आणि प्रत्येकाच्या फोनात ती पैठणी कुठल्या रंगाची येत होती ते देव जाणे. रेवाने मावशीला वाकून नमस्कार केला आणि विचारलं की ही जपायची कशी, कुठल्या कापडात गुंडाळून ठेवू. शैलाताई म्हणाल्या, गुंडाळायची नाही. नेसायची. आणि दर दिवाळीला गच्चीवर टाकायची, सावलीत नको, चांगल्या कडक उन्हात. रेवाला वाटलं मावशी थट्टा करतेय.

ती बोहल्याकडे गेल्यावर वृषाली बहिणीशेजारी खुर्ची ओढून बसली. लेकीच्या पाठीवरून नजर न काढता तिने विचारलं, “ताई, डाळिंबी व्हायला किती वर्षं लागतील गं?”

“आईच्या साडीला सत्तावीस लागली होती.”

वृषालीने मनात हिशोब केला. “मी ब्याऐंशीची असेन तेव्हा.”

“असशील. आपल्याकडच्या बायका जगतात,” शैलाताई म्हणाल्या. “मी काही नसेन. तू मात्र नीट बघ, वृषू. माझ्यासारखं करू नकोस.”

वृषालीने ताईचा हात हातात घेतला. भटजींनी अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या गेल्या, आणि दोघी बहिणी उठून उभ्या राहिल्या.